वर जायची वाट

तो पडला तेव्हा काम करत नव्हता. जेवायची सुट्टी झाली होती. इमारतीच्या दर्शनी बाजूला पाच मजले परांची चढली होती, पण हा गिलाव्याचा कारागीर त्या दिवशी सगळ्यांत खालच्या टप्प्यावर होता, जमिनीपासून जेमतेम नऊ फुटांवर. शिडी एकच. ती सकाळी कुणीतरी मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीकडे नेली आणि परत आणायची राहून गेली. मग हा रोजच्यासारखा फ्रेमच्या फुलीसारख्या तिरक्या नळ्यांवर पाय देत उतरायला लागला. एका हातात थापी आणि पाण्याची बाटली. नळीवर सकाळचा माल सांडून अर्धवट वाळलेला. पाय सटकला आणि तो टाचांवर आपटला. दोन्ही टाचांची हाडं फुटली, कमरेच्या मणक्याला मार बसला. जीव वाचला, म्हणून त्याची बातमी झाली नाही.

साइटच्या नोंदवहीत अपघाताच्या कारणाचा रकाना होता. तिथे लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. अक्षर माझं होतं. नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती, आणि तो रकाना असाच भरायचा असतो हे मी वरिष्ठांकडून शिकलो होतो.

त्या रकान्यात खरं म्हणजे 'परांचीला उतरायची वाट नव्हती' असं लिहायला हवं होतं, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. ही पुस्तिका त्या एका वाक्यावर उभी आहे. परांची कशी बांधावी, तिचं वजन कुणी तोलावं, नळ्या किती जाडीच्या घ्याव्यात यावर भारतीय मानक संस्थेची मानकं आहेत: परांचीसाठी आयएस 3696 चा पहिला भाग 1987 चा, शिड्यांसाठीचा दुसरा भाग 1991 चा. अभियंत्यांनी ती वाचावीत, वाचली असतील तर पुन्हा वाचावीत. आम्ही इथे विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे. माणूस जमिनीवरून कामाच्या जागी पोचतो कसा आणि संध्याकाळी परत येतो कसा, एवढंच.

नऊ फूट ऐकल्यावर बरेच जण हसतात. नऊ फुटांवरून पडून काय होतंय! लहानपणी आंब्यावरून पडलेल्याची गोष्ट प्रत्येकाकडे असते. आता हिशोब पाहा. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास. तेवढं अंतर पडायला पाऊण सेकंद लागतं आणि जमिनीला टेकताना वेग असतो ताशी 26 किलोमीटर. मोटारसायकलवरून या वेगाने भिंतीवर जाऊन आदळायला कुणी तयार होणार नाही. पाऊण सेकंदात हात लांब करून काही पकडता येत नाही. तोंडातून 'आई' निघतं, तेही पुरतं नाही. 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून, हाच वेग 50 किलोमीटर होतो. पण तिथे माणूस भीतीपोटी का होईना जपून असतो. खालच्या टप्प्यावर तो जमिनीवर असल्यासारखाच वावरतो.

उंचीची आपली समजूत एकूण विचित्र आहे. गोविंदांचे थर किती उंच असावेत यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षं वाद झाला. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 2017 मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि 14 वर्षांखालच्या मुलांना थरांवर न चढवण्याची अट राहिली. घराघरांत, कट्ट्याकट्ट्यांवर लोक यावर भांडले. भांडले ते बरंच झालं. पण त्याच घराच्या खिडकीबाहेर दिवाळीआधी रंगारी बांबूवर लोंबकळत असतो, आणि घरातला माणूस त्याला चहा देताना एवढंच विचारतो, 'अजून किती दिवस चालणार हो तुमचं?'

भाषेबद्दल एक खुलासा. साइटवर परांचीला कुणी पहाड म्हणतं, कुणी पायाड, हिंदी बोलणारे पाड म्हणतात. फळीच्या जागी टाकायची लोखंडी पट्टी ती चाली, आणि दोन्हीकडे पाय असलेली उघडमीट शिडी ती घोडी. पुस्तिकेत आम्ही हेच शब्द ठेवले आहेत. पहिल्या खर्ड्यात एका विद्वान मित्राने परांचीचं 'तात्पुरती आधार-संरचना' करून दिलं होतं. तो खर्डा एका मुकादमाला वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी त्याने तो आदराने परत केला. 'साहेब, चांगलं आहे, पण हे कशाबद्दल आहे?'

आता शिडी. पुस्तिकेतला सगळ्यांत मोठा भाग शिडीचा आहे, कारण तिच्याबद्दल काही शिकायचं असतं असंच कुणाला वाटत नाही. शिडी उचलली, भिंतीला लावली, हलवून पाहिली, चढला. यात हलवून पाहण्याची जी पायरी आहे, ती सगळ्यांत फसवी. तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

शिडीचं टोक भिंतीला चार मीटर उंचीवर टेकत असेल, तर तिचे पाय भिंतीपासून एक मीटर लांब हवेत. चारास एक. साधारण 75 अंशांचा हा उभार जगभर शिकवतात आणि बहुतेक ठिकाणी पाठ करून घेतात, कारण न सांगता. कारण असं. भिंत गुळगुळीत धरा आणि शिडीचं स्वतःचं वजन क्षणभर बाजूला ठेवा. माणूस जसजसा वर जातो, तसतशी शिडी खालून बाहेर सरकायला बघते, आणि तिला धरून ठेवायला पायाशी लागणारं घर्षण वाढत जातं. चारास एक लावलेल्या शिडीवर माणूस अगदी शेंड्याला पोचला, तरी हे घर्षण त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या वर लागत नाही. तीच शिडी 60 अंशांवर पसरट लावली, तर निम्म्याहून जास्त लागतं. कोरड्या खडबडीत काँक्रीटवर तेवढं मिळेलही. ओल्या फरशीवर, वाळू सांडलेल्या स्लॅबवर किंवा खाली अंथरलेल्या प्लास्टिकवर मिळेलच याचा भरवसा नाही.

याचा अर्थ असा की पसरट लावलेली शिडी पहिल्या पायरीवर पाय दिला तेव्हा सरकत नाही. खालून हलवून पाहिली तर पक्कीच वाटते. ती सरकते माणूस जवळजवळ पोचलेला असताना, म्हणजे पडायला जास्तीत जास्त उंची असताना. म्हणून शिडी आधी मापाने लावायची, मग वरचं टोक बांधायचं, आणि ते बांधून होईपर्यंत खाली दुसऱ्या माणसाने धरायची. उलट बाजूने, फार उभी लावलेली शिडी माणसासकट मागे कलंडते. तो धोका डोळ्यांना दिसतो, त्यामुळे लोक चुकतात ते बहुधा पसरट लावण्याकडे.

दुसरी गोष्ट शेंड्याची. ज्या जागी उतरायचं, तिच्या वर शिडी किमान एक मीटर निघालेली हवी. साइटवर पाहा, शिडी बरोबर स्लॅबच्या कडेपर्यंत येऊन संपलेली असते. अशा शिडीवरून वर जाताना माणूस शेवटच्या पायरीवर गुडघा टेकतो, तळवे स्लॅबवर ठेवतो आणि अंग वर ओढतो. उतरताना तर पाठ शून्याकडे करून, न दिसणाऱ्या पायरीला पायाने चाचपतो. त्या घडीला हाताला धरायला काहीच नसतं. वर निघालेला मीटरभर बांबू हा त्याचा कठडा. शिडी आखूड पडते म्हणून दोन शिड्या बांधणीच्या तारेने एकमेकींना जोडायची आपल्याकडे पद्धत आहे. तिच्याबद्दल पुस्तिकेत एकच ओळ आहे आणि ती ठळक छापली आहे.

लाकडी किंवा बांबूच्या शिडीला ऑइल पेंट लावायचा नाही, हा नियम नव्या माणसाला चमत्कारिक वाटतो. रंग लावला की शिडी टिकते असं त्याला वाटतं. टिकतही असेल, पण चीर झाकली जाते. भुंग्याने पोखरलेल्या बांबूतून बारीक पिवळसर भुसा गळतो, तोही रंगाखाली दिसत नाही. जवसाचं तेल किंवा पारदर्शक वॉर्निश चालतं. ॲल्युमिनियमच्या शिडीला या भानगडी नाहीत, मात्र विजेच्या तारांजवळ तिला नेऊ नये. ओल्या बांबूवरही तिथे कुणी विश्वास ठेवू नये.

या पुस्तिकेचा अवघड भाग पुढे येतो. शिडीवर चढताना शरीराचे तीन आधार कायम शिडीवर हवेत: दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय. आम्ही याचं छान चित्र काढून घेतलं. पँट-शर्ट, हेल्मेट, बूट घातलेला तरुण, तोंड शिडीकडे, दोन्ही हात उभ्या दांड्यांवर. ते चित्र घेऊन आम्ही एका चालू कामावर गेलो. जालन्याकडच्या एक मावशी डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलं वाहत होत्या. त्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरून नीट पाहिलं आणि विचारलं, 'ह्या बाप्याचं दोनी हात मोकळं हायेत. माजं घमेलं कोन धरनार?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुकादमाकडेही नव्हतं. त्या एका प्रश्नाने पुस्तिकेची निम्मी मांडणी बदलली. तीन आधारांचा नियम वरवर कामगाराच्या हातापायांबद्दल आहे, पण तो पाळायचा तर माल दुसऱ्या वाटेने वर गेला पाहिजे. दोर-कप्पी लावा, होइस्ट लावा, माल वाहायला कठडे आणि आडव्या पट्ट्या ठोकलेला उतरता रस्ता करा. त्यातलं काही न करता 'दोन्ही हातांनी धरा' अशी पाटी लावणं म्हणजे त्या मावशींना सांगणं की नियम मोडा आणि पडलात तर दोष तुमचा. शिवाय नऊवारी असो की सहावारी, साडी नेसलेली बाई फ्रेमच्या तिरक्या नळ्यांवरून चढू शकत नाही. बूट नसलेल्या पायांना गोल नळी टोचते. साइटवरची बहुतेक चढ-उताराची व्यवस्था, किंवा तिचा अभाव म्हणा, एका चपळ, हात मोकळे असलेल्या तरुण पुरुषाला गृहीत धरून केलेली आहे. त्याचंही वय होतं, हे वेगळंच.

तिरक्या नळ्यांवरून कुणीच चढू नये, याचं कारण साडीपुरतं नाही. त्या नळ्या दोन फ्रेमना फाकू किंवा कलू न देण्यासाठी असतात. माणसाचं वजन मध्यावर घ्यायला त्या बनवलेल्याच नाहीत. त्या तिरप्या असल्याने पाय उताराच्या दिशेने घसरतो, आणि रोज पाय पडून एखादी वाकली की सगळी परांची किंचित मोकळी होते. अमेरिकेच्या बांधकाम-सुरक्षा नियमांत या नळ्यांचा चढण्यासाठी वापर थेट शब्दांत निषिद्ध आहे, आणि कामाची फळी 2 फुटांपेक्षा वर किंवा खाली असली की शिडी, जिना किंवा उतरता रस्ता लागतोच. दोन फूट! आपल्याकडे दोन फुटांना ओटा म्हणतात.

मग परांचीवर जायचं कसं? सगळ्यांत चांगला परांचीतच बांधलेला जिना, कठड्यासकट. जागा नसेल तर आतल्या अंगाने शिड्या, पण एकावर एक सरळ रेषेत नाहीत. प्रत्येक टप्प्यावर शिडी संपावी, माणसाने फळीवर पाय टेकावा, आणि पुढची शिडी थोड्या अंतरावरून सुरू व्हावी. म्हणजे पडलाच तर एक टप्पा पडेल. फळीतलं भोक झाकणाचं असावं आणि माणूस गेला की झाकण लावावं. कामाच्या फळीला कमरेच्या वर कठडा, मधली आडवी नळी, आणि पायाशी 10 ते 15 सेंटिमीटरची उभी पट्टी, म्हणजे थापी किंवा वीट खालच्याच्या डोक्यावर जाणार नाही. पावसा-वाऱ्यानंतर सगळ्या गाठी, क्लँप आणि परांची इमारतीला जिथे बांधली त्या जागा पुन्हा पाहायच्या. काथ्याची गाठ वरून घट्ट दिसते आणि आतून कुजलेली असते. बोटाने दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, त्यांना हा व्याप कमी पडला असेल. बाकी सगळ्यांना खालूनच वर जायचं असतं.

पट्ट्याबद्दल, म्हणजे हार्नेसबद्दल, पुस्तिकेत अपेक्षेपेक्षा कमी पानं आहेत. ती जाणूनबुजून कमी ठेवली आहेत. हार्नेस हल्ली दाखवायची वस्तू झाली आहे. पाहणीला कुणी यायचं असलं की सगळ्यांच्या अंगावर चढतो आणि हुक कमरेलाच अडकवलेला असतो. जिथे हुक आहे तिथेही हिशोब कुणी करत नाही. दोर साधारण 1.8 मीटरचा, धक्का शोषणारी पट्टी उघडली की आणखी दीड-पावणेदोन मीटर, त्याखाली माणसाचं अंग. हुक पायाशी अडकवला असेल तर पडणं थांबायला सहा-सात मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्यावर ती नसतेच. माणूस आधी जमिनीवर आपटतो, मग दोर ताणला जातो. हार्नेस शेवटचा उपाय आहे. कठडा आणि जिना लावल्यावर उरलेल्या जागांसाठी तो आहे.

कायद्याचं काय, असं प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. बांधकाम कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा 1996 चा, त्याचे केंद्रीय नियम 1998 चे, महाराष्ट्राचे 2007 चे. शिड्या आणि परांच्यांवर त्यात बारकाईने लिहिलेलं आहे, इतकं की वाचताना वाटतं आता काही शिल्लक नाही. आता हा कायदा 2020 च्या कामगार सुरक्षा आणि आरोग्य संहितेत सामावला आहे, आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. जुन्या कायद्यात सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती 500 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी होती. नव्या संहितेत बांधकामासाठी ती 250 वर आली. आकडा निम्मा झाला हे चांगलंच. पण तीन मजली इमारतीचा गिलावा करायला किती माणसं असतात? बारा, पंधरा. सोसायटीच्या रंगकामाला सहा. जुना कायदा दहापेक्षा कमी माणसांच्या कामाला लागूच नव्हता. तिथला सुरक्षा अधिकारी म्हणजे मुकादम, आणि ही पुस्तिका त्याच्यासाठी आहे.

मला स्वतःला कायद्यापेक्षा दरसूची जास्त बोलकी वाटते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत गिलाव्याची बाब उघडून पाहा. इतक्या मिलिमीटर जाडीचा गिलावा, अमुक प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा माल, आणि शेवटी परांची, पाणी मारणं वगैरेंसह. परांची त्या वाक्यात एका शब्दाची आहे. तिला स्वतःचा दर नाही. खासगी कामांची निविदाही बहुतेक याच वळणावर लिहितात. ज्याला दर नाही त्यात काटकसर करणं सगळ्यांत सोपं, कारण कुठल्याच बिलात ते दिसत नाही. ठेकेदार परांची बांधणाऱ्याला दर्शनी क्षेत्रफळावर पैसे देतो, गिलाव्याच्या टोळीला चौरस फुटावर. जिना बांधायला अर्धा दिवस लागतो, तो अर्धा दिवस कुणाच्याच पैशात बसत नाही. मग शिडी एकच राहते, आणि ती पाण्याच्या टाकीकडे जाते. माझी सूचना एवढीच की निविदेत 'चढ-उताराचा जिना' अशी वेगळी ओळ असावी, तिच्यापुढे संख्या असावी, आणि जिना उभा असेल तरच तिचे पैसे द्यावेत. ही ओळ कशी लिहायची याचा नमुना शेवटच्या पानावर आहे. अभियंत्यांनी तो चोरावा.

आणखी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. पुस्तिका शर्टाच्या खिशात मावेल एवढी ठेवली आहे. बहुतेक मजकूर चित्रांत आहे, कारण पुण्या-मुंबईच्या एका साइटवर मराठी, हिंदी, कन्नड, बंगाली आणि छत्तीसगढी एकाच वेळी चालतात, आणि चित्राला भाषांतर लागत नाही. पहिल्या छपाईच्या काही प्रती आम्ही साइटवर वाटल्या आणि महिनाभराने गोळा केल्या. काहींवर चुना होता, एकीच्या मुखपृष्ठावर उधारीचा हिशोब होता, एक प्रत कोरी करकरीत परत आली आणि ती साहेबांच्या केबिनमधली होती. मुकादम म्हणाले, हजेरीच्या वहीसोबत खिळ्याला अडकवता आली पाहिजे. म्हणून आता वरच्या कोपऱ्यात भोक आहे. आणि सातव्या पानावरचं चित्र बदललं आहे: तिथे शिडीवर एक बाई आहे, पदर खोचलेला, दोन्ही हात दांड्यांवर, आणि शेजारी कप्पीच्या दोराला घमेलं वर चाललं आहे.